पुढच्या चाकाचा ब्रेक

गेल्या मार्गशीर्षात आम्ही आमच्या वडिलांच्या मोटारसायकलीचा पुढचा ब्रेक बदलून घेतला. खर्च फार आला नाही, काम दोन दिवसांचे होते, आणि जोयड्याच्या बाजारात त्याची वार्ता आठवडाभरही टिकली नाही. तरी पण त्या दोन दिवसांच्या कामाला आम्हांस तेरा वर्षे लागली. न्यायालयात तारखांवर तारखा पाहण्याची ज्यांना सवय आहे त्यांस तेरा वर्षांचे विशेष वाटणार नाही. परंतु या दाव्यात वादी आम्ही, प्रतिवादी आम्ही, आणि दर वेळी पुढची तारीख मागून घेणारेही आम्हीच होतो. तेव्हा विलंबाचा दोष दुसऱ्या कोणाच्या माथी मारण्याची सोय नाही. निदान त्याची कैफियत तरी द्यावी, म्हणून हा लेख.

गाडी बुलेट आहे. साडेतीनशेची, १९६८ साली मद्रासेस बांधलेली. या गाडीचे मूळ घर इंग्लंडातील रेडिच गावी. भारतीय लष्कराच्या ती पसंतीस उतरली आणि १९५५ साली मद्रासेस तिची जुळणी सुरू झाली. पुढे १९७० च्या सुमारास इंग्लंडातील मूळ घराण्याचा कारभार आटोपला; मद्रासेतील दत्तक घराने मात्र वंश चालविला. दत्तकाने वंश चालविल्याची उदाहरणे आमच्या धंद्यात पुष्कळ पाहावयास मिळतात, म्हणून ही हकीकत आम्हांस पहिल्यापासूनच जवळची वाटत आली आहे.

आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, एका लाकडाच्या डेपोत हिशेबनीस होते. १९७४ च्या उन्हाळ्यात त्यांनी ही फटफटी एका ठेकेदाराकडून विकत घेतली. म्हैसूर राज्याचे कर्नाटक होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. हिशेबनिसाने फटफटी घ्यावी याचे गावाला नवल वाटले. त्याहून अधिक नवल आमच्या आजीला वाटले, आणि तिने ते पुढची दहा वर्षे रोज बोलून दाखविले. गाडीच्या नोंदणीपुस्तकात मालकाच्या नावाखाली पत्ता आहे : मुक्काम सुपा. 

तो पत्ता आता पाण्याखाली आहे. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमाजवळ सुपा नावाचे गाव होते व तालुकाही त्याच नावाने ओळखला जाई. काळी नदीवर गणेशगुडीस १०१ मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले. ते १९८७ साली पुरे झाले आणि गाव त्याच्या जलाशयात गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, विस्थापितांपैकी पुष्कळ मंडळी रामनगरास वसली. आम्ही तेव्हा अगदी लहान होतो. सुपा म्हणून आमच्यापाशी जे काही शिल्लक आहे ते म्हणजे घराच्या पायरीचा गारवा, परसातील एक फणस, आणि अण्णांच्या पुढ्यात टाकीवर बसून पाहिलेला, दोन्ही बाजूंनी पळत जाणारा रस्ता. पायरी गेली, फणस गेला, रस्ताही गेला. टाकी तेवढी उरली. २०११ साली अण्णा गेले आणि गाडी आमच्याकडे आली, तेव्हा आमच्याकडे निव्वळ एक वाहन आले नव्हते, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

आम्ही तिची मनोभावे सेवा केली. टाकीवर उजव्या अंगाला एक पोचा आहे, तो काढला नाही. आसनाची उसवलेली शिवण त्याच भोकांतून पुन्हा शिवून घेतली. जुन्या गाड्यांचे शौकीन लोक कधी दांडेलीहून, कधी गोव्याहून जंगल पाहावयास येत. आमच्या पडवीतील गाडी पाहून ते थांबत आणि विचारीत, ‘सगळे मूळचे आहे काय?’ आम्ही छाती किंचित पुढे काढून सांगत असू, ‘सगळे मूळचे.’ एखाद्याने आपल्या कुलाचा वृत्तान्त सांगावा तसे ते उत्तर आम्ही देत होतो.

या मूळच्या ऐवजांपैकीच एक म्हणजे पुढचा ब्रेक. तो होता, असे म्हणणे नोंदणीपुस्तकाच्या दृष्टीने खरे आहे. हँडलावरचा दांडा दाबला की खाली चाकात काहीतरी घासल्याचा आवाज होई आणि गाडी त्या सूचनेचा विचार करू लागे. सपाट रस्त्यावर हा विचार वेळेत पुरा होत असे. घाटात होत नसे.

आणि आमचा रस्ता तर घाटाचा. जोयड्याहून कारवारास जावयाचे म्हणजे कुंभारवाड्यावरून अणशी, आणि अणशीचा घाट उतरून कद्रा. दाट रान, एकावर एक वळणे, पावसाळ्यात चार महिने रस्त्यावरून वाहणारे पाणी. जिल्हा न्यायालय कारवारास असल्याने आम्हांस हा घाट चुकत नाही. अण्णांनाही चुकला नव्हता. पण अण्णा ज्या रीतीने तो उतरत ती रीत सांगण्यासारखी आहे. घाटमाथ्यावर ते गाडी उभी करीत, खाली वाकून पुढच्या चाकाच्या ड्रमला हात लावून पाहत, मग विडी ओढीत. विडी संपली की पहिल्या गिअरात गाडी घालून उताराला लागत, आणि एंजिनालाच गाडी धरून ठेवू देत. प्रत्येक वळणाआधी भोंगा. कारवारची बस कोणत्या वळणावर भेटेल, कोणत्या ओहोळापाशी रस्त्यावर शेवाळ धरते, गुरे कोणत्या वेळी कोठून रस्ता ओलांडतात, हे सारे त्यांस पाठ होते. ब्रेकला हात लावण्याची पाळी त्यांच्यावर क्वचित येई. पुढच्या ब्रेकला तर ते हात लावूच देत नसत. ‘पुढचा दाबशील तर डोक्यावरून जाशील,’ हा त्यांचा उपदेश आम्ही सोळाव्या वर्षी ऐकला व चाळिशीपर्यंत पाळला.

एकदा श्रावणात आम्ही कारवारच्या तारखेसाठी घाट उतरत होतो. उशीर झाला होता म्हणून दुसऱ्या गिअरात उतरत होतो. एका वळणापलीकडे रस्त्याच्या मधोमध एक म्हैस, कायद्याने मिळालेल्या वहिवाटीच्या हक्काने उभी असावी तशी, उभी होती. आम्ही मागचा ब्रेक दाबला; मागचे चाक घसरू लागले. मग अण्णांचा उपदेश मोडून पुढचाही दाबला. तो ओला होता. काहीही झाले नाही. पक्षकाराने आपल्याच बाजूच्या साक्षीदाराकडे पाहावे आणि साक्षीदाराने छताकडे पाहावे, तसे ते झाले. आम्ही गाडीसह डाव्या बाजूच्या गटारात विसावलो. म्हशीने मान वळवून पाहिले व ती रवंथ करीत राहिली. गुडघा सोलवटला, वकिली अंगरखा चिखलाने माखला, आणि त्या दिवशी आम्ही ज्या स्थितीत न्यायासनासमोर उभे राहिलो ती पाहून प्रतिपक्षाच्या वकिलांनीच आमच्यासाठी पुढची तारीख मागितली.

एवढे होऊनही आम्ही ब्रेक बदलला नाही. दोष ब्रेकचा नसून आमच्या घाईचा आहे, अण्णा असते तर पहिल्या गिअरात उतरले असते, असे आम्ही स्वतःस समजावले. हे खोटेही नव्हते. 

पुढे आमची कन्या धारवाडाहून दिवाळीच्या सुटीत घरी आली. वय वीस, हातात परवाना, आणि दोन वर्षे वसतिगृहातील मैत्रिणीच्या मोटारसायकलीवर घेतलेला सराव. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती पडवीत येऊन म्हणाली, ‘बाबा, आजोबांची गाडी मी कारवारपर्यंत नेते.’

आम्ही ताबडतोब नाही म्हटले. कारणे विचारली असता वकिलाला कारणांची वाण पडत नाही. या गाडीचा गिअर उजव्या पायाला आहे आणि ब्रेक डाव्या पायाला, म्हणजे तुझ्या सवयीच्या नेमका उलट. हिचा पहिला गिअर वर उचलावा लागतो, बाकीचे खाली. घाट निसरडा आहे. शेवटी आम्ही खरे कारण सांगितले : ‘हिचा पुढचा ब्रेक धरीत नाही.’

‘मग तुम्ही कसे जाता?’

‘आम्हांला सवय आहे.’

‘सवयीने ब्रेक धरतो काय?’ ती म्हणाली. मग थोडा वेळ थांबून तिने विचारले, ‘बाबा, ब्रेक वाईट आहे हे तुम्हांला कधीपासून ठाऊक आहे?’

उलटतपासणीत हा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो विचारला की साक्षीदार उरत नाही, हे आम्ही तिला कधी शिकविले नव्हते. आम्ही उत्तर दिले नाही. त्या रात्री मात्र आम्हांस झोप लागली नाही. जो ब्रेक आम्ही आमच्या स्वतःच्या देहासाठी तेरा वर्षे पुरेसा मानला, तो तिच्या देहासाठी एक दिवसही पुरेसा मानावयास आम्ही तयार नव्हतो. याचा अर्थ तो पुरेसा नव्हता, आणि हे आम्हांस ठाऊक होते. मग अण्णांस तो कसा पुरला? विचार करता करता उलगडा झाला. अण्णांच्या गाडीचा ब्रेक अर्धा चाकात होता आणि अर्धा अण्णांत होता. घाटमाथ्यावरची विडी, बसची वेळ, शेवाळाचे ओहोळ, पहिला गिअर, हा सारा ब्रेकचाच भाग होता. अण्णा गेले त्या दिवशी तो अर्धा भाग त्यांच्याबरोबर गेला. आम्ही पडवीत जपून ठेवला होता तो उरलेला अर्धा, आणि त्यालाच आम्ही ‘सगळे मूळचे’ म्हणत होतो.

सकाळी उठून आम्ही आमच्या स्वभावाप्रमाणे प्रथम कायद्याची पुस्तके काढली. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या ५२ व्या कलमान्वये, नोंदणीपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरविलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल वाहनात करण्यास मालकास मनाई आहे. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला आहे. मात्र बदल म्हणजे काय, तर ज्यामुळे वाहनाचे मूलभूत स्वरूपच पालटते असा रचनेतील बदल, असे स्पष्टीकरण त्याच कलमाखाली आहे. त्याच कारखान्याच्या, त्याच जातीच्या, मागाहून निघालेल्या गाडीचा ब्रेक बसविल्याने बुलेटची बुलेटच राहते, असे मत आम्ही आमच्या अशिलास, म्हणजे आम्हांसच, विनामूल्य दिले.

दुसरी एक वाट होती. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पुराण-वाहनांसाठी निराळे नियम केले आहेत. पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले, सांगाडा, बाह्यकाया वा एंजिन यांत फेरफार न झालेले वाहन या वर्गात नोंदविता येते. त्यास निराळा क्रमांक मिळतो. पण तसे वाहन नित्याच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, शर्यतवजा संचलन, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, एवढ्यापुरतेच ते फिरावे. नियम वाजवी आहे. परंतु तो वाचताना आम्हांस वाटले, की गेली तेरा वर्षे आम्ही मनातल्या मनात अण्णांच्या गाडीची हीच नोंदणी करून ठेवली होती. तिने कोठे जावे यापेक्षा तिच्याकडे पाहून लोकांनी काय म्हणावे, याची आम्हांस अधिक काळजी होती.

आमच्या मिस्त्रीचे घराणेही सुप्याचेच, आता रामनगरास वसलेले. गाडी त्यांच्या दारात नेली. त्यांनी चाक हाताने फिरविले, दांडा दाबला, चाक तरी फिरतच होते. ते हसले आणि म्हणाले, ‘वकीलबाब, हो ब्रेक न्हय, ब्रेकाची याद.’ आम्हांस हसू आले नाही, कारण त्यांनी नेमके तेच म्हटले होते.

मग त्यांनी आम्हांस समोर बसवून समजाविले. ड्रमच्या पोटात दोन अर्धचंद्राकार शू असतात. जुन्या ब्रेकमध्ये एकच कॅम फिरून दोघांना बाहेर ढकलतो. चाक ज्या दिशेने फिरते तिकडे ज्याचे उघडे टोक आधी भिडते, तो शू फिरत्या ड्रमबरोबर आपोआप अधिक घट्ट ओढला जातो. दुसऱ्याला तोच ड्रम मागे लोटतो. ‘जोडीत एक बैल ओढतो, दुसरा नुसता जू घेऊन चालतो,’ असे मिस्त्री म्हणाले. नव्या प्लेटमध्ये दोन कॅम असतात, प्रत्येक शूला त्याचा त्याचा, आणि दोघेही ओढणारे. तेवढ्याच दाबात पकड पुष्कळ वाढते. आणि पुढचाच ब्रेक का, तर गाडी थांबताना तिचा सारा भार पुढे झुकतो. बस थांबली की उतारू पुढे झुकतात, तसेच. मागचे चाक त्या क्षणी हलके होते आणि घसरते. जमिनीला चिकटलेले असते ते पुढचे. म्हशीपुढे आमचे मागचे चाक का घसरले आणि अण्णांचा ‘डोक्यावरून जाशील’ हा धाक कितपत खरा होता, याचा निकाल तेथे लागला. अर्धवट धरणारा ब्रेक असलेल्या काळात तो धाक बरा होता. एरवी थांबण्याचे बहुतेक काम पुढच्यानेच करावयाचे असते. 

डिस्क ब्रेक बसवू काय, असेही आम्ही विचारले. १९६९ साली होंडाने आपल्या सीबी-७५० गाडीला पुढे डिस्क दिली आणि तेव्हापासून जगातील मोटारसायकली हळूहळू त्याच मार्गाने गेल्या. उत्तरकालीन बुलेटलाही ती आहे. पण त्यासाठी पुढचे शॉकअपच बदलावे लागते, हँडलावर तेलाची डबी येते. मिस्त्रींनी मान हलविली. ‘परत जुने करावेसे वाटले तर करता आले पाहिजे,’ ते म्हणाले. काही कापायचे नाही, काही डाग द्यायचा नाही; जुने चाक तसेच काढून ठेवायचे आणि नव्या हबवर नवे चाक बांधायचे. जीर्णोद्धाराचे हे शास्त्र त्या माणसाने कोठल्याही पोथीत वाचलेले नव्हते.

हुबळीच्या जुन्या मालाच्या बाजारातून हब आणि प्लेट आली. मिस्त्रींनी खालच्या दोन टोप्या सोडून जुने चाक उतरविले व प्लेट ओढून काढली. आत काळी भुकटी साचली होती. ते सवयीने फुंकर घालणार तोच आम्ही त्यांचा हात धरला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि ती भुकटी फुप्फुसांचा कायमचा नाश करते, एवढे आम्हांस ठाऊक होते. ओल्या फडक्याने पुसून घेतले. पुसता पुसता ते थांबले. कॅम आणि शूची टोके यांच्यामध्ये पत्र्याचे दोन तुकडे होते. पकडीने नीट वाकवून, टोकांवर अडकवून बसविलेले. पत्र्याच्या आतल्या बाजूला हिरवा रंग आणि एका अक्षराचा अर्धा वेलांटीचा भाग दिसत होता. कुठल्याशा डब्याचा पत्रा.

‘हे कारखान्याचे नव्हे,’ मिस्त्री म्हणाले. ‘शू झिजले की असा पत्रा घालतात. कॅमला आणखी थोडी धाव मिळते.’ मग शू उलटे करून पाहत ते म्हणाले, ‘शूही गाडीचे नव्हेत. मागाहून घातलेले आहेत.’

अण्णा हिशेबनीस होते हे आम्ही सांगितलेच आहे. त्यांच्या वह्या आमच्याकडे लाकडी पेटीत आहेत. तेरा वर्षांत आम्ही ती पेटी उघडली नव्हती. त्या रात्री उघडली. फटफटीच्या खर्चासाठी निराळी वही निघाली, आणि तीत १९८२ च्या ज्येष्ठातील नोंद सापडली. पुढील ब्रेक धरीत नाही म्हणून धारवाडाहून दुसरे शू आणविल्याची ती नोंद होती. जुने शू एका गिऱ्हाइकास दिल्याचे चार रुपयेही जमेस धरले होते. पुढे चार वर्षांनी दुसरी नोंद : पत्रा घातला, बरे धरतो. त्या दोन नोंदींच्या मध्ये तिसरी एक होती. सुप्याहून सामान हलविण्यासाठी केलेल्या फेऱ्या आणि त्यांस लागलेले पेट्रोल. घर सोडल्याबद्दल तीत एक अक्षर नव्हते. लिटर आणि पैसे एवढेच होते.

आम्ही पुष्कळ वेळ ती वही पुढे घेऊन बसलो. ज्या ब्रेकला आम्ही अण्णांचा म्हणून हात लावीत नव्हतो, तो अण्णांनीच दोनदा बदलला होता. धरीत नाही असे दिसले तेव्हा त्यांनी विचार केला तो उद्याच्या घाटाचा. जुने शू चार रुपयांस विकताना त्यांचा हात कापला नाही. पुराव्यावरून सिद्ध झाले ते इतकेच, की वडिलांच्या वस्तूला हात न लावणे ही आमची रीत होती, वडिलांची नव्हती. कुठ्ठाळीचा श्रीमंगेश सोळाव्या शतकात नदी ओलांडून प्रियोळास आला, तेव्हा आमच्या पूर्वजांनी जुन्या देवळाचे चिरे बरोबर आणले नव्हते. देव आणला आणि मिळाला त्या दगडाचे देऊळ बांधले. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, पण पडवीतल्या गाडीला ते लावून पाहण्याचे आम्हांस सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी काम पुरे झाले. तारा ओढून चाक सरळ केले, मग ड्रम लेथवर चढवून बारीक कात काढून गोल केला, कारण तारांच्या ताणाने तो किंचित लंबगोल होतो. दोन कॅमांना जोडणारी सळई अशी जुळविली, की दोन्ही शू एकाच वेळी ड्रमला भिडावेत. एक आधी भिडला तर पुन्हा एकच बैल ओढणार. केबल नवी घातली, आणि ब्रेक पुरता लागला असता केबल व कॅमची दांडी यांच्यात काटकोन राहील असे पाहिले. सारे होऊन आम्ही मोठ्या उमेदीने एक फेरी मारून आलो, आणि निराश झालो. नवा ब्रेक जुन्याइतकाच बेताचा धरीत होता. मिस्त्रींनी आमचा चेहरा पाहिला आणि म्हणाले, की नवे लायनर अजून ड्रमला उंचवट्यांवरच टेकते आहे. हलके हलके ब्रेक मारीत आठ दिवस चालवा, शू आपली जागा घेतील. नव्या माणसालाही घरात जागा घ्यावयास आठ दिवस लागतात. आठव्या दिवशी अणशीच्या घाटात, त्याच वळणावर, म्हैस नसताना, आम्ही दोन बोटांनी दांडा ओढला. गाडी नाक खाली घालून, सरळ रेषेत, उभी राहिली. आमचेच कपाळ पुढे गेले.

खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आनंदाबरोबर भीतीही वाटली. वेग दुप्पट झाला की थांबावयास चौपट अंतर लागते, हे गणित ब्रेक बदलल्याने बदलत नाही. परंतु ब्रेक चांगला झाला की मनुष्य मनात तो वेग आधीच वाढवून ठेवतो. त्या दिवशी घाट उतरताना आमची गाडी दोनदा आपोआप तिसऱ्या गिअरात गेली. मग आम्ही लाजून घाटमाथ्यावरची अण्णांची रीत पुन्हा सुरू केली. विडी मात्र वगळली.

नाताळाच्या सुटीत कन्या आली. आठ दिवस तिने गावातल्या मोकळ्या मैदानात उजव्या पायाने गिअर आणि डाव्या पायाने ब्रेक घोटला. अण्णांच्या वहीत जे नव्हते, पण आम्हांस आठवत होते, ते ते आम्ही तिला सांगितले : कोठे शेवाळ, कोठे गुरे, कोठे भोंगा. चाकातला अर्धा ब्रेक मिस्त्रींनी दिला होता. उरलेला अर्धा देणे आमच्याकडे होते आणि तेही आम्ही इतकी वर्षे थकविले होते. मग एके सकाळी ती पुढे आणि आम्ही मागे, असे आम्ही निघालो. कारवारास नव्हे, प्रथम जलाशयाकडे.

एक कच्ची वाट पाण्यापर्यंत उतरत जाते. उतार बराच तीव्र होता. ती पहिल्या गिअरात उतरली, आणि पाणी आठ-दहा हातांवर असताना तिने दांडा ओढला. गाडी थांबली. एंजिन बंद केले तेव्हा पाण्याचा आवाजही नव्हता. आम्ही बोटाने दाखविले : तिकडे कोठेतरी पायरी, तिकडे फणस. आम्हांस नक्की ठाऊक नव्हते, आणि हे तिला कळले असावे, पण तिने दिशा विचारून घेतली नाही. नोंदणीपुस्तकातल्या पत्त्याच्या इतक्या जवळ गाडी अण्णांच्या मागे प्रथमच आली होती.

परतताना चढावर एंजिन दोनदा बंद पडले आणि गाडी मागे, पाण्याकडे, सरकू लागली. तिने पुढचा ब्रेक घट्ट धरला, तरी गाडी सरकतच होती. हे मिस्त्रींनी आम्हांस सांगून ठेवले होते व आम्ही विसरलो होतो : चाक उलटे फिरू लागले की दोन्ही ओढणारे शू लोटले जाणारे होतात. नवा ब्रेक पुढे जाणाऱ्याला धरतो. मागे घसरणाऱ्याला तो फारसा उपयोगी नाही. ‘मागचा दाब!’ आम्ही ओरडलो. तिने डावा पाय दाबला. मागचा ब्रेक अण्णांच्या वेळचाच होता. गाडी थांबली. आम्ही खाली उतरून मागून हात लावला, तिने किक मारली, आणि चढ संपेपर्यंत आम्ही धापा टाकीत मागून चालत राहिलो.

माथ्यावर ती थांबली नाही. कारवारचा रस्ता सरळ समोर होता, आणि एकटीनेच जावयाचे असे तिचे आधीच ठरले असावे. आम्हांस मागे बसण्याची खूण न करता तिने फक्त हात हलविला. अण्णा आम्हांस निरोप देताना जे म्हणत तेच आमच्या तोंडून निघाले, ‘सवकास वच गो!’ तिला ते ऐकू गेले नसेल. पहिल्या वळणाआधी भोंगा वाजला तो मात्र आम्हांस स्पष्ट ऐकू आला. जुने चाक पडवीत खुंटीला टांगलेले आहे, दोन्ही पत्रे आत होते तसेच घालून. आम्ही चालत घरी आलो आणि संध्याकाळी कारवारहून तिचा फोन येईपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिलो.